सोनाराचा केर, सुताराचा भुसा

जळगावच्या सराफ बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत दागिने घडवणाऱ्यांच्या खोल्या आहेत. तिथला केर कोणी फेकत नाही. कानस मारताना उडालेले कण, पॉलिशच्या ब्रशात अडकलेली भुकटी, बसायच्या चटईचा भुगा, हात धुतलेलं पाणीसुद्धा साठवून ठेवतात. मग ते झारेकऱ्याकडे जातं. तो ते जाळतो, धुतो, गाळतो आणि त्यातून सोनं काढतो. गुंजेगुंजेचा हिशेब असतो.

त्याच बैठकीवरून जो धूर वर जातो, त्याची नोंद मात्र कुठल्याच वहीत नसते. खान्देशातल्या कामधंद्यांचा विचार करायला लागलं की हा केर मनातून जात नाही. सुताराचा भुसा, ओटा बसवणाऱ्याच्या भुवयांवरची पांढरी धूळ, गॅरेजातल्या ब्रेकची काळी पूड, चुलीचा धूर. किंमत असलेली धूळ आपण जपून ठेवतो. जिला बाजारभाव नाही ती कोणाच्या छातीत किती गेली, हे विचारायची रीतच पडलेली नाही.

दवाखान्यातही नाही. फुप्फुसात कॅन्सरची गाठ दिसली की 'तंबाखू खाता? बिडी ओढता?' हे विचारलं जातं, आणि ते विचारायलाच हवं. तंबाखूने आपल्याकडे घरंच्या घरं उद्ध्वस्त केली आहेत. पण 'आप्पा, काम काय करतस तुम्ही?' हा पुढचा प्रश्न रांगेच्या घाईत राहून जातो. केसपेपरवर 'व्यवसाय'पुढे 'मजुरी' एवढंच लिहिलेलं असतं. केळीचे घड वाहणं, खडी फोडणं, पॉलिश मारणं, पत्रे कापणं, सगळं त्या एका शब्दात बुडून जातं. त्यातही ते आजचं काम असतं. या रोगाचं बी वीस, तीस, कधी चाळीस वर्षांपूर्वी पडलेलं असतं, आणि तेव्हाचा धंदा सोडून माणूस आता शेतावर राखणीला बसलेला असतो.

हे ज्ञान काही नवं नाही. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्यांच्या वृषणाच्या कातडीवरचा कॅन्सर काजळीशी जोडला. ती मुलं लहानपणी धुराड्यात उतरायची आणि रोग वर यायचा मोठेपणी. जर्मनीत लुडविग रेन यांनी १८९५ साली रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांच्या मूत्राशयातल्या गाठी दाखवून दिल्या. आज जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधल्या ल्योंची कॅन्सर-संशोधन संस्था, आयएआरसी, पदार्थांचे गट लावते. गट १ म्हणजे या पदार्थाने माणसाला कॅन्सर होतो याचा पुरावा पक्का आहे. पदार्थ किती जहाल आहे, थोड्याशा संपर्काने काय होईल, हे त्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून 'गट १' ऐकून कोणी पोटाचा धंदा सोडू नये. धंदा करायची पद्धत बदलायला मात्र तेवढं कारण पुरेसं आहे.

आधी सोनारकामच घेऊ. दोन तुकडे जोडायचे तर डाक, म्हणजे वितळवून सांधायचा मिश्रधातू, लागतो, आणि डाक दागिन्याच्या आधी वितळला पाहिजे. पूर्वी त्यासाठी सोन्यात तांबं-चांदी भरपूर मिसळत, त्यामुळे दागिना आटवला की कस उतरायचा. मग कॅडमिअम आलं. शंभर भागांत ९२ सोनं आणि ८ कॅडमिअम असा डाक केला की सांध्याचा कसही २२ कॅरेटच्या आसपास राहतो. 'केडीएम' हा शब्द त्यातूनच रुळला आणि गिऱ्हाईक तो शुद्धतेची खूण म्हणून विचारू लागलं. आता आकडे बघा. सोनं वितळतं १,०६४ अंशांना. कॅडमिअम वितळतं ३२१ अंशांना आणि ७६७ अंशांना उकळतं. म्हणजे डाकावर ज्योत धरली की त्यातलं कॅडमिअम उकळून हवेत जातं आणि हवेशी मिळून तपकिरी धूर होतो. कारागिराचं तोंड त्या जागेपासून वीतभर अंतरावर असतं. तोंडात फुंकणी असेल तर पुढचा श्वास त्याच हवेतून नाकाने घेतला जातो.

जास्त धूर गेला तर त्याच संध्याकाळी थंडी वाजते, ताप भरतो, अंग मोडून येतं, कोरडा खोकला लागतो. घरचे म्हणतात साथीचा ताप आहे. बहुतेक वेळा तो उतरतो, पण मात्रा मोठी असेल तर एक-दोन दिवसांत फुप्फुसांत पाणी भरतं आणि माणूस दगावूही शकतो. थोडं थोडं गेलेलं कॅडमिअम मूत्रपिंडात साठतं. ते निम्मं व्हायलाच दहा ते तीस वर्षं लागतात. फुप्फुसाच्या कॅन्सरशी असलेला संबंध पाहून आयएआरसीने १९९३ साली ते गट १ मध्ये घातलं. हॉलमार्कच्या दागिन्यात आता कॅडमिअम चालत नाही. जस्त आणि इतर धातूंचे डाक मिळतात. तरी एक जागा सगळे विसरतात: जुन्या दागिन्याची दुरुस्ती. आजीची पोत किंवा बांगडी सांधायला आली की त्यातला जुना सांधा पुन्हा तापतो आणि जुनं कॅडमिअम पुन्हा उडतं. जुना माल हातात आला की तो कॅडमिअमचाच आहे असं धरून चालावं.

खोलीतला पंखा इथे घात करतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर असतो, बागेसरीपुढे, म्हणजे सोनाराच्या शेगडीपुढे, बसणाऱ्याला वारा हवाच. पण समोरून येणारा वारा धूर तोंडावर लोटतो आणि पाठीमागच्या भिंतीत उंचावर बसवलेला एक्झॉस्ट फॅन धूर नाकावरूनच ओढत नेतो. ओढ कामाच्या पलीकडे असावी: आधी धूर, मग एक्झॉस्ट, माणूस या दोघांच्या अलीकडे. आणि ओढणाऱ्या पाइपाचं तोंड कामाच्या जवळ असावं. ओढणाऱ्या पाइपाचा व्यास सहा इंच असेल तर सहा इंचांवर गेल्यावरच ओढ दहाव्या हिश्शावर येते; हातभर लांब लावलेला पाइप फक्त आवाज करतो. पाइपाच्या तोंडाशी उदबत्ती धरून बघावी. धूर सरळ आत गेला तर ठीक, वर तरंगला तर पाइप अजून जवळ घ्यावा. तेजाबाची भांडी उघडी ठेवू नयेत, तीही याच ओढीखाली ठेवावीत. गंधकाच्या तेजाबाची वाफारलेली हवा स्वरयंत्राच्या कॅन्सरशी जोडलेली आहे.

सुतारकामात धुराची जागा भुसा घेतो. सातपुड्याचं सागवान म्हणजे आपल्याकडे अभिमानाची गोष्ट, आणि त्याच्या भुशाला कोणी विष म्हणणार नाही. इंग्लंडमध्ये हाय विकम हे फर्निचरचं गाव आहे. तिथे १९६० च्या दशकात नाकाच्या आतल्या पोकळीतला एक कॅन्सर, जो एरवी क्वचित दिसतो, खुर्च्या-टेबलं बनवणाऱ्यांत एवढा सापडला की डॉक्टरांनी धंदा विचारायला सुरुवात केली. तिथलं लाकूड ओक आणि बीच. १९९५ साली लाकडाची धूळ गट १ मध्ये गेली.

वखारीत आऱ्याखाली पडणारा जाड भुसा अंगावर दिसतो, खाजतो, पण तो फार आत जात नाही. जोखीम आहे ती पॉलिश पेपर आणि सँडरच्या पिठासारख्या धुळीत. संध्याकाळी उन्हाची तिरीप दुकानात आली की ती तरंगताना दिसते, आणि जी दिसत नाही ती त्याहून बारीक असते. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी, घासताना त्या धुळीत चिकटवायच्या राळेतलं फॉर्मल्डिहाइड मिसळतं; तेही गट १ मध्ये आहे. डोळे चुरचुरले की समजावं, ते हवेत आहे.

नाकाला बांधलेला रुमाल जाड भुसा अडवतो आणि बारीक धूळ आत सोडतो. म्हणजे तो समाधान देतो, संरक्षण देत नाही. सँडरच्या मागच्या नळीला व्हॅक्यूम जोडला तर धूळ उडायच्या आधीच पकडली जाते. दुकानात एकच सुधारणा करायला पैसे असतील तर ती ही करावी. झाडू कोरडा मारू नये, आधी पाणी शिंपडावं. सगळ्यात वाईट सवय म्हणजे काम संपल्यावर कॉम्प्रेसरची हवा मारून कपडे झटकणं. दिवसभर जमिनीवर बसलेली धूळ त्या दोन मिनिटांत पुन्हा नाकाच्या उंचीवर येते. मास्क एन-९५ असावा, त्याला दोन पट्टे असावेत, आणि दाढीचे खुंट नसावेत, कारण हवा फटीतून जाते. घातल्यावर जोरात श्वास सोडावा. चष्म्यावर वाफ आली किंवा डोळ्यांना हवा लागली तर तो नीट बसलेला नाही. आणि आपल्या उन्हात आठ तास मास्क कोणी घालत नाही, हे मान्य करूनच दुकानाची आखणी करावी. घासकाम सकाळी सहा ते दहात उरकावं, दुपारी जोडकाम. सुताराच्या नाकाची एकच बाजू महिनोन्महिने बंद राहत असेल, त्यातून रक्त येत असेल, वास कळेनासा झाला असेल, तर सर्दीचं औषध घेत बसू नये. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने आत बघून घ्यावं, आणि धंदा सुतारकामाचा आहे हे स्वतःहून सांगावं.

दगडाच्या धुळीबद्दल एक फरक ध्यानात घ्यायला हवा. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, त्यात मोकळी सिलिका, म्हणजे गारगोटीतलं, वाळूतलं खनिज, कमी असते. खडी क्रशरची धूळ वाईटच, पण सिलिकाच्या हिशेबाने ग्रॅनाइट कितीतरी वरचढ आहे. आणि स्वयंपाकघराच्या ओट्याला हल्ली जो चकचकीत बनावटी क्वार्ट्झ लावतात, त्यात सिलिका शेकडा नव्वदच्या वर जाते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या दगडावर बंदीच घातली. आपल्याकडे तो बंगल्याच्या पोर्चमध्ये चार इंची कटरने कोरडा कापला जातो, आणि शेजारी त्याच घरची मुलं खेळत असतात. पाणी हाच यावरचा खरा इलाज. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून एका पोऱ्याने पात्यावर धार धरायची पद्धत कारागिरांनीच काढलेली आहे आणि ती चांगली आहे. धार मिनिटाला अर्ध्या लिटरच्या खाली जाऊ देऊ नये. फक्त साधा कटर आणि पाणी एकत्र आलं की शॉकची भीती असते, म्हणून मशीन ईएलसीबीवर, म्हणजे वीज गळताच ती तोडणाऱ्या स्विचवर, घ्यावं आणि वायरला जोड नसावा. वाळलेला गाळ पुन्हा धूळ होतो, तो ओला असतानाच भरावा.

सिलिका १९९७ साली गट १ मध्ये आली. पण कॅन्सरच्या आधी ती सिलिकोसिस, म्हणजे फुप्फुसं घट्ट करणारा रोग, देते, आणि एक्सरेवर तो टीबीसारखा दिसतो. माणूस टीबीचा कोर्स करतो, बरं वाटत नाही, पुन्हा कोर्स करतो. नंदुरबारला लागून असलेल्या अलिराजपूर भागातले आदिवासी मजूर गुजरातेत गोध्र्याकडे गारगोटी दळायच्या कारखान्यांत गेले आणि गावी येऊन तरुणपणीच गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अशा २३८ मृतांच्या घरच्यांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यायला गुजरात सरकारला सांगितलं. सीमेच्या अलीकडल्या आपल्या मजुरांनाही तोच रस्ता जवळचा आहे.

अस्बेस्टॉस म्हटलं की लोकांना कारखाना आठवतो. खान्देशात अस्बेस्टॉस गोठ्याच्या छपरावर आहे. सिमेंटच्या नालीदार पत्र्यात शेकडा आठ-दहा भाग त्याचे तंतू असतात. पत्रा डोक्यावर नुसता असेल तोवर फारसं बिघडत नाही. तो ग्राइंडरने कापला, ड्रिलने भोक पाडलं, पाडकामात वरून आपटून फोडला, की तंतू सुटतात. हातकरवतीने, पाणी मारत, बाहेर उघड्यावर कापावा. काढताना नटबोल्ट सोडून अखंडच उतरवावा, तुकडे प्लास्टिकमध्ये बांधावेत, आणि रस्त्यावर मुरुमाऐवजी दाबू नयेत. वाफेच्या इंजिनांच्या काळात बॉयलरला जगभर याच तंतूंचं वेष्टण असे; भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात त्या जमान्यातली पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. दम लागतो म्हणून त्यांना वयाचं कारण सांगितलं जातं. ज्यांनी फक्त नवऱ्याचे किंवा वडिलांचे कामाचे कपडे झटकले आणि धुतले, अशा बायकांनाही फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर झालेला लंडनमध्ये १९६५ सालीच नोंदवला गेला. म्हणून कामाचे कपडे कामावरच बदलावेत आणि घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत.

तंबाखूचा प्रश्न बरोबर आहे पण अर्धा आहे असं वाटतं, ते याच तंतूंमुळे. अमेरिकेतल्या वेष्टण-कामगारांवरचा १९७९ चा अभ्यास सांगतो की फुप्फुसाच्या कॅन्सरने मरण्याचा धोका नुसत्या अस्बेस्टॉसने सुमारे ५ पट, नुसत्या सिगारेटने सुमारे ११ पट, आणि दोन्ही मिळून सुमारे ५३ पट होतो. ही बेरीज नाही, गुणाकार आहे. तेव्हा बिडी ओढणाऱ्या कामगाराला 'बिडीमुळे झालं' सांगून मोकळं होणं म्हणजे कामाच्या वाट्याचं सगळं माफ करणं. आणि धुळीत काम करणाऱ्याला बिडी सोडायला लावणं हे दुप्पट मोलाचं आहे. तळहातावर तंबाखू मळताना हाताची धूळ, शिसं, ऑइल सगळं तोंडात जातं. हात न धुता मळायची नाही, एवढी एक गोष्ट पाळली तरी बरंच टळेल.

गॅरेजवाल्यांसाठी तीन गोष्टी. ब्रेक ड्रम उघडला की त्यात हवा मारू नका. साबणाच्या पाण्याचा ओला ब्रश फिरवा, कारण स्वस्त लायनरमध्ये अस्बेस्टॉस असू शकतं. हात पेट्रोलने धुऊ नका आणि नळी तोंडाने ओढू नका. पेट्रोलमध्ये शेकडा एक भागापर्यंत बेन्झीन असतं, ते कातडीतूनही शिरतं आणि रक्ताचा कॅन्सर करतं. भांडी घासायची पावडर आणि थोडं खोबरेल यांनी ग्रीस निघतं. तिसरी गोष्ट ऑइलचा बोळा. तो पँटच्या खिशात ठेवायची सवय सर्रास आहे. खिशातून ऑइल मांडीला आणि जांघेला लागत राहतं. लँकेशायरच्या सूतगिरण्यांत ऑइल अंगावर उडून कामगारांना झालेला कॅन्सर त्याच जागेचा होता, जी पॉट यांनी १७७५ साली दाखवली होती.

वेल्डिंगचा धूर २०१७ पासून गट १ मध्ये आहे. स्टेनलेस स्टीलच्या रेलिंगचं काम करणाऱ्यांनी जास्त जपावं, कारण त्या धुरात क्रोमिअम आणि निकेल असतं. रंगवलेला किंवा जस्ताचा मुलामा असलेला पाइप आधी घासून मगच जोडावा.

पाइपांच्या प्लास्टिकबद्दल, म्हणजे पीव्हीसीबद्दल, जळगावात पुष्कळ लोक धास्तावलेले असतात, म्हणून सांगायला हवं. १९७४ साली अमेरिकेत लुइव्हिल इथे यकृताचा दुर्मीळ कॅन्सर ज्यांना झाला ते व्हिनाइल क्लोराइड वायूपासून पीव्हीसी तयार करणारे, टाकीत उतरून ती खरवडणारे कामगार होते. आपल्याकडे पाइप ओढतात तो तयार भुकटीतून, त्यात तो वायू नावापुरता उरलेला असतो. पाइप कामगाराने जपायचं ते मिक्सरपाशी, जुन्या शिसेयुक्त पावडरीपासून, आणि मशीन जास्त तापून जळका, झोंबणारा वास आला तर त्यापासून.

ज्या कामाला आपण काम म्हणतच नाही, तेही राहायला नको. खापरावर मांडे करणारी बाई लाकडाच्या जाळापुढे तास न् तास बसते. भरताच्या हंगामात वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली जातात, त्या चवीला तोड नाही. घरातल्या लाकूड-काडीच्या धुराला आयएआरसीने 'बहुधा कॅन्सरकारक' म्हटलं आहे आणि तळणाच्या कढईतून उठणाऱ्या वाफेलाही तेच. ऑर्डरचे मांडे करणाऱ्या, शेव तळणाऱ्या बायकांच्या केसपेपरवर मात्र 'गृहिणी' लिहिलेलं असतं. चूल खोलीतून पडवीत आणली, वर पत्र्याचं धुराडं काढलं, काड्या कोरड्या वापरल्या आणि तेलातून धूर निघायच्या आधी आच कमी केली, की बराचसा धूर तिथेच कमी होतो.

कायद्यात जागा आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कळवायच्या रोगांमध्ये कामामुळे होणारा कॅन्सरही होता, आणि २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२० च्या कामगार सुरक्षा-आरोग्य संहितेतही तो आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात अस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं, किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यांपैकी जे उशिरा संपेल तोवर ठेवायला सांगितलं. एवढी लांब मुदत का, याचं उत्तर रोगाच्या स्वभावातच आहे. पण ओटा कापणारा, मांडे करणारी, गल्लीतला कारागीर हे कुठल्याच हजेरीपटावर नाहीत. त्यांची चाळीस वर्षं कोणी सांभाळणार नाही.

म्हणून ती त्यांनी स्वतः, नाहीतर घरातल्या शिकत्या मुलाने लिहून ठेवावी. शाळेच्या वहीचं एक पान पुरतं:

२००४ ते २०११, धुळे. फर्निचर. साग, प्लाय, एमडीएफ. सँडर रोज चार तास. खोली बंद, एक खिडकी. तोंडाला रुमाल.

२०११ ते २०१६, सुरत. ओटे बसवणे. ग्रॅनाइट, नंतर क्वार्ट्झ. कटिंग कोरडं. मास्क नाही. बिडी रोज दहा.

२०१६ पासून, घरची शेती. फवारणी. औषधांची नावं मागच्या पानावर.

डब्यावरच्या, गोणीवरच्या लेबलाचा मोबाइलवर फोटो काढावा, कारण दुकानदार ब्रँड बदलतो आणि नाव विसरलं जातं. तो छापून त्याच पानाला टाचावा. मग ते पान आधारकार्ड आणि जुन्या एक्सरेंच्या पिशवीत ठेवावं. धुळ्याच्या, जळगावच्या सरकारी दवाखान्यात जाताना किंवा मुंबईला परळला नेताना घरचे हीच पिशवी उचलतात. बरोबर जो जाईल, भाऊ असो, पोरगा असो, त्याला डॉक्टरांपुढे रिपोर्टच्या आधी ते पान ठेवायला सांगावं.